पाळणा आणि खुर्ची

(लहान मुलांची आई आणि सत्तेचे पद यांविषयीच्या लोकमताचा एक छोटासा अभ्यास)

१९ डिसेंबर २०२२ हा दिवस आम्हा सीमाभागातील लोकांच्या चांगला स्मरणात आहे. त्या दिवशी कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात सुरू झाले आणि योगायोग असा की, महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशनही त्याच दिवशी नागपुरात सुरू झाले. सीमाप्रश्न पुन्हा तापला होता. त्याच अधिवेशनांत पुढे दोन्ही विधानसभांनी परस्परविरोधी ठराव मंजूर केले. मी तेव्हा पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. निपाणीजवळच्या आमच्या गावी, आमच्या एकत्र कुटुंबाच्या सोप्यात सारे जण दूरदर्शन संचासमोर बसले होते. नागपुरात आपल्याविषयी काय बोलतात, एवढेच ऐकायचे होते.

पडद्यावर मात्र भलतेच दृश्य आले. एक तरुण आमदार अडीच महिन्यांचे तान्हे मूल कडेवर घेऊन विधानभवनाच्या पायऱ्या चढत होत्या. त्या नाशिक जिल्ह्यातील देवळाली मतदारसंघाच्या आमदार सरोज अहिरे. आपण आई आहोत तशा लोकप्रतिनिधीही आहोत, मतदारांचे प्रश्न मांडायला येणे भागच होते, अशा आशयाचे त्या बोलल्या.

आमच्या सोप्यात लगेच चर्चा सुरू झाली. आजी म्हणाली, "एवढंसं लेकरू थंडीचं कशाला आणलंय बाईनं?" काका म्हणाले, "घरात कोण न्हाई काय बघायला?" कोणी कौतुकही केले. सीमाप्रश्न बाजूला राहिला. दाराशी माझी चुलतवहिनी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. अडीच वर्षांची तिची मुलगी तिच्या गुडघ्याला टेकून झोपली होती. या चर्चेत एक शब्दही न बोलणारी तीच एकटी होती. ती का बोलली नाही याचे कारण मला ठाऊक होते. ते पुढे सांगणार आहे.

या लेखाचा विषय त्या संध्याकाळी मनात शिरला. लहान मुलांच्या आईने मोठ्या पदाची इच्छा धरली, तर समाज तिच्याविषयी काय म्हणतो आणि तसे का म्हणतो, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. राज्यशास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. तेव्हा हिशेबाच्या वहीत नोंदी कराव्यात तशी ही मांडणी आहे. चूक आढळल्यास गुरुजनांनी दुरुस्त करावी.

दोन पुतळ्यांच्या मधले गाव

आमचे निपाणी कोल्हापूर आणि बेळगाव यांच्या मधोमध नसले तरी दोन्हींच्या वाटेवर आहे. उत्तरेला कोल्हापुरात शिरताना कावळा नाक्याच्या चौकात घोड्यावर बसलेल्या महाराणी ताराराणी दिसतात. दक्षिणेला बेळगावात गेलो की कित्तूरच्या राणी चन्नम्मा, त्याही घोड्यावर, त्यांच्याही हाती तलवार. एकीचा अभिमान मराठी माणसाला, दुसरीचा कन्नड माणसाला. आणि आमच्यासारख्या दोन्ही भाषांत वाढलेल्यांना दोघींचाही.

पैकी ताराराणींची कथा आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. छत्रपती राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले. ताराराणींचे वय तेव्हा पंचवीसच्या आसपास आणि त्यांचा मुलगा शिवाजी अवघा चार वर्षांचा. समोर औरंगजेबासारखा बादशहा, स्वराज्याचे किल्ले एकेक करून पडत चाललेले. अशा वेळी या तरुण विधवेने मुलाला गादीवर बसवले आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. १७०७ मध्ये औरंगजेब दक्षिणेतच मरण पावला, तोवर सात वर्षे त्यांनी मोगलांशी झुंज दिली. 'मूल लहान आहे, आधी ते मोठे होऊ दे' असे म्हणून त्या थांबल्या असत्या, तर काय झाले असते याची कल्पनाच केलेली बरी.

झाशीच्या राणीच्या चित्रांत आणि पुतळ्यांतही पाठीशी बांधलेले मूल आपण पाहतो. ते मूल पाहून आपला ऊर भरून येतो. 'मुलाला घेऊन लढाईत कशाला आली?' असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. तलवार घेतलेल्या बाईच्या पाठीवर मूल असले तर त्याला आपण शौर्य म्हणतो. हाती फाईल असलेल्या बाईच्या कडेवर तेच मूल असले तर मात्र आपल्याला ती गैरसोय वाटते. हा फरक का पडतो?

मला वाटते, संकटकाळी बाई पुढे झाली तर तिने कर्तव्य केले असे आपण समजतो. शांततेच्या काळात ती पुढे झाली तर तिला पदाची हाव आहे असे समजतो. ताराराणी, लक्ष्मीबाई, चन्नम्मा या साऱ्या जणी पती गेल्यावर, राज्य बुडू लागल्यावर पुढे आल्या. घरदार सुखात असताना केवळ 'मला हे काम जमेल आणि मला ते करायचे आहे' असे म्हणणारी आई आपल्या पुतळ्यांत नाही.

बाहेरच्या जगाची साक्ष

हा दोष केवळ आपलाच आहे असे मानण्याचे कारण नाही. आपल्या शेजारच्या पाकिस्तानात बेनझीर भुट्टो डिसेंबर १९८८ मध्ये पंतप्रधान झाल्या तेव्हा त्यांचा पहिला मुलगा जेमतेम अडीच महिन्यांचा होता. जानेवारी १९९० मध्ये, पंतप्रधानपदावर असतानाच, त्यांना मुलगी झाली. लोकांनी निवडून दिलेल्या पंतप्रधानाने पदावर असताना बाळंत होण्याची ती जगातील पहिलीच वेळ.

२००८ साली अमेरिकेत सारा पेलिन उपाध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. त्यांना पाच मुले. धाकटे उमेदवारीच्या वेळी अवघे चार महिन्यांचे. एवढ्या लहान मुलाला सोडून ही बाई देशाचा कारभार कसा पाहणार, अशी चर्चा तेथील वृत्तपत्रांत झडली. त्याच निवडणुकीत बराक ओबामा अध्यक्षपदाला उभे होते. त्यांच्या दोन मुलींची वये दहा आणि सात. त्या मुलींना रात्री जेवू कोण घालणार, हा प्रश्न निवडणुकीचा विषय झाला नाही. पेलिन यांची मते पटोत वा न पटोत, एकाच निवडणुकीत, एकाच मतदारवर्गाने दोन पालकांना दोन मापे लावली ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

न्यूझीलंडच्या जॅसिंडा आर्डर्न २०१७ मध्ये पक्षाच्या नेत्या होताच त्यांना मुलाखतीत 'मुलांचे काय ठरवले आहे?' असे विचारले गेले. नोकरीच्या ठिकाणी बायकांना या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागणे मान्य करता येणार नाही, असे त्यांनी तेथेच बजावले. त्या पंतप्रधान झाल्या, जून २०१८ मध्ये त्यांना मुलगी झाली, सहा आठवडे त्यांनी रजा घेतली. त्या काळात उपपंतप्रधानांनी कारभार पाहिला. नंतर मुलीचे संगोपन मुख्यतः तिच्या वडिलांनी हाती घेतले. राज्य चालायचे थांबले नाही. याचे श्रेय एकट्या आर्डर्न यांना देऊन चालणार नाही. रजेची सोय होती, कारभार सोपवायला माणूस होता आणि घरी बाप होता, या तीन गोष्टींमुळे ते जमले.

आपल्याकडे लोक काय म्हणतात

पुस्तकांतून वर आल्यावर मी आपल्या भागातील लोकांना विचारायचे ठरवले. सुट्टीत निपाणीच्या बसस्थानकावर, आठवड्याच्या बाजारात, आमच्या गल्लीत आणि चिकोडीकडील मित्रांच्या घरी मी हा प्रश्न काढला. टक्केवारी काढावी एवढे लोक मी गाठलेले नाहीत, त्यामुळे आकडे देत नाही. फक्त मते नोंदवतो.

पहिली गोष्ट अशी की, 'बाईमाणूस राजकारणात नको' असे मला जवळजवळ कोणी म्हणाले नाही. तसे म्हणायला आता तोंडही राहिलेले नाही. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत कर्नाटकातील २२४ जागांवर फक्त दहा महिला निवडून आल्या. पण त्या दहांपैकी दोन आपल्या बेळगाव जिल्ह्यातील. निपाणीतून शशिकला जोल्ले आणि बेळगाव ग्रामीणमधून लक्ष्मी हेब्बाळकर. दोघी दोन पक्षांच्या, आणि दोघींनीही वेगवेगळ्या वेळी राज्याचे महिला व बालकल्याण खाते सांभाळलेले. त्याच वर्षी बेळगाव महापालिकेत शोभा सोमनाचे महापौर आणि रेश्मा पाटील उपमहापौर झाल्या. गावपातळीवर तर १९९३ नंतर एक तृतीयांश आणि कर्नाटकात २०१० नंतर निम्म्या जागा महिलांना राखीव झाल्या. तेव्हा बाई खुर्चीवर बसलेली पाहण्याची आपल्या डोळ्यांना सवय झाली आहे.

पण मी प्रश्नात 'लहान मुलांची आई' एवढे तीन शब्द घातले की सूर बदलायचा. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "तिने जरूर यावे, पण आधी मुलांचे बघावे. मुले मार्गी लागली की मग आहेच की समाजकारण." एक कापड दुकानदार म्हणाले, "सभा रात्री अकरापर्यंत चालतात. बाळ आजारी पडलं तर बाईचं लक्ष कुठं राहणार?" चिकोडीच्या माझ्या एका मित्राच्या आईने कन्नडात सांगितले, "मक्कळु दोड्डव आगली." म्हणजे, मुले मोठी होऊ देत. अगदी हेच वाक्य मी मराठीत निपाणीत ऐकून आलो होतो. सीमाप्रश्नावर या दोन भाषांचे एकमत कधी होईल ते सांगता येत नाही. या प्रश्नावर मात्र ते केव्हाच झालेले आहे!

तेव्हा आजचे लोकमत 'नको' असे नाही, ते 'आत्ताच नको' असे आहे. ते वरून समंजस वाटते, आणि म्हणूनच त्याच्याशी वाद घालणे अवघड जाते.

या सर्वांत वेगळे मत मला एका विडी कामगार बाईंकडून मिळाले. त्यांचे वय साठीच्या पुढे असावे. तरुणपणी तंबाखूच्या वखारीत आणि नंतर घरी विड्या वळण्यात त्यांचे आयुष्य गेले. माझा प्रश्न त्यांना आधी कळलाच नाही. मी पुन्हा सांगितला. तेव्हा त्या म्हणाल्या, "चार लेकरं मी तंबाखूच्या खकाण्यात वाढवली. तवा कोण आलं नाही इचारायला, की बाई, लेकरू ल्हान हाय, काम कशाला करतीस? सुपाजवळ लेकरू चालतंय, आणि सभेत चालत न्हाई व्हय?"

या वाक्यापुढे माझी सारी टिपणे फिकी पडली. आपला भाग तंबाखूचा. येथील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या पोर काखेत घेऊन वखारीत आणि शेतात काम केले आहे. निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या लढ्यावर 'युगांतर' या गटाने १९८२ मध्ये माहितीपटही काढला. या बायकांची मुले लहान होतीच. पण त्यांच्या मुलांची काळजी हा कधी चर्चेचा विषय झाला नाही. ऊसतोडीला जाणारी आई, वीटभट्टीवरची आई, लोकांच्या घरची धुणीभांडी करणारी आई, यांच्यापैकी कोणालाही 'मुले मोठी होऊ देत, मग काम कर' असे समाज सांगत नाही. मुलाची आठवण समाजाला नेमकी त्या दिवशी होते, ज्या दिवशी आई मजुरी सोडून अधिकार मागते. मजुरीच्या आड न येणारे मूल खुर्चीच्या मात्र आड येते.

माझे मत

लोकांची मते लिहिली. आता माझेही लिहिले पाहिजे, नाहीतर जमाखर्च अपुरा राहील.

डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या. आमच्या गल्लीचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. माझी चुलतवहिनी बारावी शिकलेली, मराठी-कन्नड दोन्ही लिहिता-वाचता येणारी. बचत गटाचा हिशेब तीच ठेवते. गल्लीतील चार माणसे एका रात्री आमच्याकडे आली आणि तिने अर्ज भरावा असे म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. तिची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. घरात बोलणे सुरू झाले. मी दहावीत होतो. टाळेबंदीमुळे घरीच असायचो. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालून मी म्हणालो, "आणि सभेत पोरगी रडली तर? वहिनी ठराव मांडणार, का दूध पाजणार?"

सगळे हसले. बोलणे तेथेच मोडले. वहिनी आत निघून गेली. अर्ज दुसऱ्या घरातून भरला गेला. निवडून आलेल्या बाई सहीपुरत्या पंचायतीत जातात. बाकीचा कारभार त्यांचे यजमान पाहतात. आमच्या गल्लीतील गटार मंजूर होऊन अजून अर्धेच आहे. वहिनी असती तर ते पूर्ण झाले असते की नाही, हे मी सांगू शकत नाही. परंतु एका वाक्याने एक शक्यता संपली आणि ते वाक्य माझे होते, एवढे खरे. लोकमत म्हणजे कोठेतरी दूर असलेली वस्तू आहे असे मी समजत होतो. ते आपल्याच सोप्यात, आपल्याच तोंडून तयार होते, हे मला नागपूरचे ते दृश्य पाहताना प्रथम कळले.

'मुले मोठी होऊ देत' याचा हिशेब

आता या मताचा हिशेबी दृष्टीने विचार करू. वरवर पाहता दहा-पंधरा वर्षे थांबण्यात काय बिघडते? पण वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी चक्रवाढ व्याज शिकवतात. ठेव जितकी लवकर ठेवावी तितकी ती वाढते. उशिरा ठेवलेली तीच रक्कम पहिलीला कधी गाठू शकत नाही. राजकारणातील अनुभवाचेही असेच आहे.

शरद पवार १९६७ मध्ये सव्वीसाव्या वर्षी आमदार झाले आणि १९७८ मध्ये अडतिसाव्या वर्षी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्या वेळी त्यांची कन्या सुप्रिया नऊ वर्षांची होती. म्हणजे राजकारणातील त्यांच्या वाढीची सारी वर्षे आणि मुलीच्या बालपणाची वर्षे एकच होती. 'मुलगी मोठी झाली की मग मुख्यमंत्री व्हा' असे त्यांना सांगणे कोणालाही हास्यास्पद वाटले असते. ते बाईला सांगणे मात्र आपल्याला शहाणपणाचे वाटते.

ज्या स्त्रिया वर पोचल्या त्यांच्याकडे पाहिले तर त्याही फार काळ थांबलेल्या दिसत नाहीत. प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार झाल्या. त्यांचा विवाह १९६५ चा आणि पहिले उपमंत्रिपद १९६७ चे. संसार आणि सत्ता यांची पहिली वर्षे त्यांनी बरोबरच काढली. २००७ मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. मृणाल गोरे यांची गोष्ट अधिक कठीण. १९५८ मध्ये पती केशव गोरे वारले तेव्हा पदरी लहान मुलगी होती. तीनच वर्षांनी, १९६१ मध्ये, त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. पुढे १९७२ मध्ये विधानसभेत आणि १९७७ मध्ये लोकसभेत. गोरेगावच्या पाण्यासाठी भांडून 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांनी मिळवले. मुलगी मोठी होईपर्यंत त्या घरी बसल्या असत्या, तर गोरेगावच्या नळाला पाणी यायला आणखी किती वर्षे लागली असती कोण जाणे.

आणखी एक नोंद. निवडणुकीचा अर्ज भरताना उमेदवाराला प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता लिहायची असते. हा नमुना पुरुषाला आणि स्त्रीला एकच आहे. म्हणजे सरकारी कागदावर मूल हे आई आणि बाप दोघांवरही अवलंबून असते. लोकांच्या तोंडी मात्र ते फक्त आईच्या खात्यावर नावे पडते. द्विनोंदी पद्धतीत अशी एकतर्फी नोंद केली तर ताळेबंद जुळत नाही, हे आम्हाला परीक्षेत शिकवले जाते.

खोलीचा प्रश्न

या विषयाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तान्ह्या मुलाला आईची गरज असते, ही काही पुरुषांनी रचलेली कथा नव्हे. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. त्यामुळे 'आई आणि मूल यांचे काय?' हा प्रश्न चुकीचा नाही. तो आईला विचारावा की व्यवस्थेला, एवढाच वाद आहे.

औद्योगिक कायद्याच्या अभ्यासात आपण वाचतो की, १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्री कामगारांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद केली, आणि १९७६ च्या दुरुस्तीने तीसपेक्षा अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना ती लागू झाली. १९६६ च्या विडी कामगार कायद्यातही पाळणाघर होते. २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. म्हणजे आई कामावर आली तर मालकाने जागा करून द्यावी, हे तत्त्व आपल्या कायद्याने फार पूर्वी मान्य केले. (घरी विड्या वळणाऱ्या बाईला यातले पाळणाघर मिळत नाही, कारण तिचे घर म्हणजे कारखाना नव्हे! तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

पण हे कायदे करणाऱ्या सभागृहात काय स्थिती? आमदार कोणाचा नोकर नसतो, त्यामुळे २६ आठवड्यांची रजा त्याला लागू होत नाही. उलट राज्यघटनेच्या १९० व्या अनुच्छेदानुसार, सभागृहाच्या परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहणाऱ्या सदस्याची जागा रिकामी घोषित करता येते. परवानगी मागता येते हे खरे. पण मतदारसंघाचे प्रश्न त्या काळात कोण मांडणार, याचे उत्तर नियमांत नाही. बीड जिल्ह्यातील केजच्या आमदार नमिता मुंदडा २०२० च्या अर्थसंकल्पी अधिवेशनाला आठव्या महिन्यात हजर राहिल्या आणि सरोज अहिरे अडीच महिन्यांचे मूल घेऊन शेकडो मैल दूर नागपूरला गेल्या, याचे कारण येथे सापडते. त्या हौस म्हणून गेल्या नव्हत्या.

नागपुरात मग विधानभवनात लगोलग एक खोली तयार करण्यात आली. तिला नाव दिले 'हिरकणी कक्ष'. हिरकणीची कथा आपण प्राथमिक शाळेत ऐकलेली असते. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले. खाली घरी तान्हे बाळ. दरवाजा उघडेना, तेव्हा ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचे कौतुक केले आणि त्या जागी बुरूज बांधला. मराठी शाळेत आम्ही तिचे धाडस ऐकून टाळ्या वाजवल्या. परंतु आज ती गोष्ट आठवताना मनात येते की, तिला कडा उतरावा लागला कारण दरवाजा बंद होता. कडा उतरणाऱ्या आईचे पोवाडे गायचे आणि दरवाजाबद्दल काहीच बोलायचे नाही, ही आपली जुनी सवय आहे. नागपुरात निदान दरवाजा थोडा उघडला.

तोही पुरता नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी त्या मुंबईत बाळाला घेऊन आल्या तेव्हा तेथील हिरकणी कक्षात धूळ होती, बाळाला ठेवण्याजोगी सोय नव्हती. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. नाव देणे सोपे, झाडू मारणे कठीण, असेच म्हणावे लागेल.

आणि मतदारांचे काय? २०२४ च्या निवडणुकीत देवळालीने त्यांना पुन्हा निवडून दिले. निवडणुकीला अनेक कारणे असतात. मुलाला घेऊन गेल्या म्हणून त्या जिंकल्या, असा निष्कर्ष मी काढणार नाही. पण मुलाला घेऊन गेल्या म्हणून लोकांनी त्यांना नाकारले नाही, एवढे तर खात्रीने म्हणता येते. सोप्यात बसून आपण जे बोलतो, त्यापेक्षा मतपेटीतले लोकमत अधिक उदार असू शकते.

समारोप

सारांश असा की, लहान मुलांच्या आईने पद मागितले तर समाज तिला थेट नाकारत नाही, थांबायला सांगतो. आणि थांबण्याची किंमत तिच्याच खात्यावर टाकतो. बापाला हा प्रश्न विचारला जात नाही, आणि मजुरी करणाऱ्या आईलाही विचारला जात नाही. तेव्हा या प्रश्नाच्या मुळाशी मुलाची काळजी थोडी आणि खुर्चीची काळजी जास्त आहे, असे माझे मत झाले आहे.

कन्नड विभागाच्या वाचकांना एक शब्द आठवून द्यावासा वाटतो. कन्नडात 'तूगु' हे एकच क्रियापद दोन अर्थांनी वापरतात. पाळणा झुलवणे म्हणजे तूगु आणि तराजूत तोलणे म्हणजेही तूगु. मराठीत या दोन क्रियांना दोन वेगळे शब्द आहेत. कन्नडाने दोन्ही कामे एकाच हातात दिली आहेत. बाजारात तंबाखू तोलताना आणि शेजारच्या घरात पाळणा हलताना मी हा शब्द लहानपणापासून ऐकत आलो, पण त्यातली गंमत हा लेख लिहिताना ध्यानात आली.

लेख पुरा झाल्यावर मी तो वहिनीला वाचून दाखवला. माझे ते वाक्य आले तेव्हा माझा आवाज बसला. तिने विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "भावजी, पोरगी आता शाळेला जातीया. रडत बी न्हाई. पुढल्या निवडणुकीला काय अडचण सांगणार हाय तुमी?"

मी म्हणालो, "अर्ज मी लिहून देतो."

"लिवायला मला येतंय," ती म्हणाली, "तुमी फक्त सभेच्या दिवशी शाळेतनं पोरीला आणायचं बघा."

(बी.कॉम., तृतीय वर्ष)